रामभाऊंची निळी गिटार

अनुपने गिटारीच्या भोकात बॅटरीचा उजेड टाकला, आतली चिठ्ठी वाचली आणि तो मटकन खाटेवर बसला.

"सुम्या, तीच हाय ही. पहिल्या पिच्चरमधली. बोटीवर गाणं म्हणत्यात बघ, तवा त्या गिटारवाल्याच्या गळ्यात आसती ती. तीच कंपनी, तेच साल."

"हां," सुमित म्हणाला.

कॉलेजात असताना दोघांनी बारामतीत भाड्याच्या व्हीसीआरवर त्या विलायती बँडचे दोन्ही पिक्चर टेप झिजेस्तोवर पाहिले होते. कुठल्या गाण्यात कोणाच्या हाती कुठली गिटार, यावरून आठ-आठ दिवस अबोला धरला होता. आणि ती गिटार इतकी वर्षं इथे, कऱ्हाटीत, सुमितच्याच घरात खुंटीला लटकत होती. त्याने आनंदाने उडी मारायला हवी होती. पण वडील जाऊन बारा दिवस झाले होते, आणि या बारा दिवसांत त्याला ना रडू आलं होतं, ना धड भूक लागली होती. दात काढण्याआधी डॉक्टर गाल बधिर करतो, तसं सगळं अंगच झालं होतं.

वडिलांनी, रामभाऊ आबांनी, ती गिटार पुण्यातल्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणली. आणल्या आणल्या तिला निळा ऑइलपेंट फासला आणि वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं : रामभाऊ आणि गायन पार्टी, कऱ्हाटी. मग वीस वर्षं गावोगावच्या जयंत्यांना ती वाजली.

"आबांनी पार वाटोळं केलं रे," अनुप हळहळला. "मूळ रंग आसता तर शौकीन लोकांनी डोक्यावर घिऊन नाचवली आसती. आजून बी जमंल. खरवडू या."

आपली मान हलली की नाही, हे सुमितलाही कळलं नाही. अनुपने ब्लेड काढलं. कडेचा निळा पापुद्रा निघाला, खाली तांबूस लाकूड दिसलं. अनुप रंगात आला.

"दुसऱ्या पिच्चरमधली ती फुलाफुलाची आठवती? त्यानं सोताच्या हातानं रंगवलेली. ती आता काचंच्या पेटीत ठिवलीया. मासिकात वाचलं मी. रंगाला बोट लावू देत न्हाईत."

ब्लेड 'कऱ्हाटी'च्या शेवटच्या अक्षरापाशी आलं होतं.

"त्यानं रंगवली म्हणून तिचं मोल वाढलं," सुमित म्हणाला.

"मग? त्याच्या हातचं काम हाय ते."

"आन आबांनी रंगवली म्हणून हिचं गेलं."

एसटीची वेळ विचारावी इतक्या साध्या आवाजात तो हे बोलला. अनुपचा हात थांबला. त्याने ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवलं.

सुमितची आई तुळसा चहा घेऊन आली. जमिनीवर पडलेले निळे पापुद्रे तिने पाहिले, कप खाली ठेवले.

"खाटंखाली डबा हाय," ती म्हणाली. "त्यांनीच उरवून ठिवलाय."

सुमितने डबा ओढला, झाकण उचकटलं. रंग वरून पार सुकला होता. त्याने बोट दाबून पाहिलं. जाड साय फुटली, आणि बोट पेरापर्यंत ओल्या निळ्यात गेलं.