अर्धा शंख

पातेल्यातल्या चिंचेच्या पाण्यात शिंपले फसफसत होते. संयोगिता किंचाळली, "आबा, ही क्रांती बघा! माझ्या सगळ्या शिंपल्यांची वाट लावली हिनं!"

हंबीरराव आबा हातातला पेपर टाकून मोरीपाशी आले. संयोगिता कालच मामाबरोबर मालवणला जाऊन आली होती. उद्या ती हे शंखशिंपले वर्गात दाखवणार होती. धाकट्या क्रांतीनं सकाळी ते देवाच्या समई-ताम्हणाबरोबर चिंचेत भिजत घातले होते.

"चकचकीत व्हतील म्हणून घातलो," क्रांती पुटपुटली. "समई झाली की."

आबांनी एक पातळ शिंपला उचलला. बोटात धरताच त्याचा तुकडा पडला. क्रांतीनं मान खाली घातली.

"ओरडू नकोस तिला," आबा खाली बसले. "आधी बघ. बुडबुडे समईतनं येत न्हाईत. शिंपल्यातनंच येतायत. चिंच पितळेवरचा मळ काढती. शिंपला सगळा चुन्याचा, म्हणून त्यालाच खाती."

"माझा मोठा शंख!"

संयोगितानं कोपरापर्यंत हात घातला. गुडघाभर पाण्यात, लाटेचा मार खात तिनं स्वतः काढलेला शंख वर आला. काळपट, खरबरीत. तिनं घाबरून अंगठ्यानं पुसला, तर तिथला काळा थर निघून आला आणि खालून हिरवी-गुलाबी चमक दिसली.

"आईशप्पथ!" दोघी एकदम ओरडल्या.

"आत मोती हाय काय आबा?"

"मोती न्हाय. पण मोती ज्याचा बनतोय, त्याचाच हा थर."

"घाल परत, ताई! सगळा घाल!" क्रांती नाचायला लागली.

संयोगिता आबांकडं बघायला लागली. आबा म्हणाले, "घातलास तर आणखी चमकंल. पातळबी व्हईल, भोकबी पडंल. शंख तुझा हाय. तू ठरव."

संयोगितानं ओठ दाबले. मग जुना टूथब्रश चिंचेत बुडवला आणि शंखाच्या एकाच अंगावर हळूहळू फिरवू लागली. काळं पाणी मोरीत ओघळत होतं. क्रांती तिच्या खांद्यावरून वाकून ओरडत होती, "निघालं! आणि थोडं! आता हितं!"

अचानक संयोगिता थांबली. नळाखाली शंख स्वच्छ धुऊन तिनं उन्हात धरला. एक बाजू झगझगत होती. दुसरी तशीच काळी.

"आगं, अर्धाच?" क्रांती हिरमुसली. "भ्यालीस व्हय?"

"न्हाय. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरींनी समुद्र बघितलेला न्हाय. नुसता चकचकीत दाखवलो, तर त्यांना वाटंल, असाच पडलेला असतोय."

क्रांतीनं ओलं बोट काळ्या खरबरीत पाठीवरून चमकत्या बाजूला नेलं. मग डोळे मिटून परत काळ्यावर आणलं.