कुलसचिवांचं बोलावणं

विद्यापीठात कुठल्या विभागात किती माणसं ठेवायची, याचा आढावा चालू होता. सगळ्यांना एकच मेल आला होता, "निर्णय झाला की कळवू." फक्त परीक्षा विभागातल्या श्रीविद्याअक्कांना कुलसचिवांनी खोलीत बोलावून घेतलं. अर्ध्या तासाने त्या परतल्या, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या क्षमाने विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही गं, किरकोळ काम होतं," एवढंच बोलून अक्का खाली मान घालून कामाला लागल्या.

क्षमाच्या पोटात दुखू लागलं. सोळा वर्षं दोघी बरोबरीने राबल्या, आणि आतली बातमी मात्र एकटीला! त्या दिवसापासून ती डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसू लागली.

सोमवारी शिपाई क्षमाला बोलवायला आला. साडी नीट करत, सगळ्यांना दिसेल अशा बेताने ती उठली. अक्काही घाईने उठल्या. "थांब, मी येते तुझ्याबरोबर."

"कशाला अक्का? या वेळी मला बोलावलंय," म्हणत ती आत गेली.

 

कुलसचिवांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "बसा. ज्यांच्या जागा रद्द होणार आहेत, त्यांना मेल न पाठवता समोर बसवून सांगायचं, असं आम्ही ठरवलंय."