कातरबाईचा अर्ज

"दार लावून घ्या," आस्थापना अधिकारी मॅडम म्हणाल्या आणि कातरबाईनं दार लावून घेतलं.

नगरपालिकेत तिची एकोणीस वर्षं गेली होती, पण आस्थापना विभागाच्या या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती. खुर्चीच्या कडेवर ती जेमतेम टेकली. हातांवरचे काट्यांचे ओरखडे दिसू नयेत म्हणून तिनं हात मांडीखाली दडवले. बागेच्या कुंपणाची छाटणी तिच्याइतकी सरळ कुणालाच जमत नसे, म्हणून सगळे तिला कातरबाई म्हणत.

तेच कुंपण तिच्या शेजारी उभे राहून छाटणारे पुरुष कागदोपत्री 'माळी' होते. ती आणि बाकीच्या बायका 'मदतनीस'. पगार जवळजवळ निम्मा.

"आम्ही मदत करतो तरी कुणाला?" तिनं एकदा नवऱ्याला विचारलं होतं. तोही त्याच विभागात माळी होता.

"मला तर नाही करत," तो म्हणाला होता. "मी छाटलेलं वाकडं म्हणून सगळं पुन्हा छाटतेस. त्याला मदत नाही म्हणत, अपमान म्हणतात."

मग अर्ज त्यानंच लिहून दिला. त्याच्या अक्षरात, खाली तिची धरून सहा बायकांच्या सह्या. त्यातल्या एकीची महिन्याभरात गावाबाहेरच्या कचरा डेपोवर बदली झाली आणि तिचं नाव अर्जातून गळालं. उरलेल्या चौघींनी कुणी न सांगताच आपली नावं काढून घेतली.

"एकट्याच उरलात तुम्ही," मॅडम फाईल उघडत म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. तिला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

"हो."

"अर्ज मागे घ्यायचा आहे का?"

"नाही." आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा बोलावं लागलं. "नाही घ्यायचा, मॅडम."

आता भडकतील, असं वाटून तिनं डोळे खाली वळवले. मॅडमनी नुसती मान हलवली.

"बरं. तुमचं म्हणणं तुमच्या तोंडून सांगा."

"काम एकच आहे. मग पगारही एकच पाहिजे."

"म्हणजे पगारवाढ मागताय?"

प्रश्न सरळ नाही, हे तिला कळलं. हो म्हटलं तर हावरट ठरवतील.

"नाही, मॅडम. वाढ नाही मागत. माळ्यांच्या बरोबरीनं वागवा, एवढंच."

"बरोबरीनं," मॅडमनी लिहून घेतलं आणि कागद तिच्यासमोर फिरवला. "वाचा आणि सही करा."

तिनं दोनदा वाचलं. राजीनामा नव्हता. माफीनामाही नव्हता. तिचेच शब्द होते. तरी सही करण्याआधी तिनं कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"झालं. आठ दिवसांत आदेश निघेल."

"कसला आदेश, मॅडम?"

"तुम्ही मागितलात तो," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला.

ते आठ दिवस तिनं जीव मुठीत धरून काढले. रोज सकाळी हजेरीपटात आधी आपलं नाव आहे का ते बघायची, मगच सही करायची. मुकादमानं तिच्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी तो दोरी घेऊन आला आणि तिनं छाटलेलं कुंपण मापू लागला. दोरीला कुंपण कुठंच चुकलं नाही, पण तोवर तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बायका जेवायला तिच्यापासून लांब बसू लागल्या. पुरुष मात्र येता-जाता धीर देत. "जिंकलात तर चहा तुमच्याकडून हं!" एक म्हातारा माळी ओरडायचा. तिला हसूही फुटत नसे.

"काढून टाकलं तर?" तिनं घरी विचारलं. मुलगी आतल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत होती, म्हणून कुजबुजत.

"तर माझा पूर्ण पगार आहे ना," नवरा म्हणाला. "घर चालेल. तू कशाला घाबरतेस?"

नवव्या दिवशी तो तिच्याआधीच कामाला गेला. ती मागाहून पोचली तेव्हा अवजारांच्या खोलीसमोर गर्दी दिसली. दारावर कागद चिकटवला होता. पंधरावीस माळी उभे होते. तिला पाहताच त्यांनी वाट करून दिली. म्हातारा माळी दुसरीकडे बघू लागला.

गेली नोकरी. नवरा अगदी पुढे, दाराला टेकून उभा होता. त्याच्या खांद्याचा आधार घेत तिनं कागदावर नजर टाकली.

'अर्जदार महिलेची मागणी पूर्णपणे मान्य करण्यात येत आहे.'

तिनं ते पुन्हा वाचलं. मग तिला रडूच कोसळलं.

"अहो, मान्य झाली! मान्य झाली हो!" ती त्याची बाही ओढू लागली.

तो हसला नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यानं फक्त बोट उचललं आणि खालच्या ओळीवर ठेवलं.

'त्यानुसार, उद्यान विभागातील सर्व माळी येत्या एक तारखेपासून मदतनीस या पदावर व त्याच पगारावर काम करतील.'