घरीच असते

“जी बाई घरीच असते, तिला पैसे कशाचे?” वित्त विभागाच्या साहेबांनी विचारलं आणि चष्मा पुसायला घेतला.

संशोधिकेच्या डोक्यात तिडीक गेली. टेबलाभोवतीच्या बाकी मंडळींनी आपापल्या कागदांत डोकी घातली. त्यांना एकदम वाचनाची गोडी लागली होती.

आजारपणावर सरकारचं किती जातं आणि घराघरांचं किती, याचा अभ्यास हे तिचं काम. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं जो घरी करतो त्याला दरमहा भत्ता मिळावा, ही योजना तिच्याच अभ्यासातून निघाली होती. त्यासाठी ती लोकांच्या घरात जाऊन बसली होती. कूस कोण बदलतं, ओली चादर कोण काढतं, रात्री हाक आली की कोण उठतं, सगळं विचारलं होतं. प्रश्नावली सगळ्यात आधी स्वतःच्या घरी, मोठ्या जावेवर वापरून पाहिली होती. सासूबाईंना पक्षाघात झाल्यापासून त्यांचं सगळं जाऊच करायची. उचलून उचलून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. वेणी घालायलासुद्धा हात वर जात नव्हता. भत्ता सुरू झाला की दुपारपुरती एक बाई ठेवायची आणि जावेने खांद्याचे उपचार सुरू करायचे, असं दोघींनी ठरवून टाकलं होतं. “कुठवर आलं गं तुझं?” जाऊ सारखी विचारायची.

“साहेब,” संशोधिका आवाज आवरत म्हणाली, “हीच बाई उद्या उठून गेली, तर तिच्या जागी पगारी माणूस लागेल. त्याचा जो पगार, तोच तिच्या कामाचा दर. आम्ही तसाच हिशेब केलाय.”

“पण ती उठून जात नाही ना?” साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “कोणी नोकरी सोडली असेल तर पगार बुडाला, हे मला समजतं. तेवढं भरून देऊ. घरी असणारीचं काय बुडालं?”

“झोप बुडते, साहेब. कंबर जाते. तुमच्या घरी कोणी आजारी नाही का?”

“आहेत की, वडील आहेत. पण आमच्याकडे घरचं माणूस आहे करायला,” साहेब अगदी मोकळेपणाने म्हणाले.

त्या घरच्या माणसाला नाव असेल, गुडघे असतील, हे त्यांच्या गावीही नव्हतं. संशोधिका उठून उभी राहिली. ती आता काहीतरी बोलून बसणार, हे ओळखून तिच्या संस्थेच्या संचालकांनी चहाचं निमित्त काढलं आणि तिला बाहेर व्हरांड्यात नेलं.

“ताणू नका,” ते हळूच म्हणाले. “सगळी योजनाच गुंडाळून ठेवतील. मिळतंय ते पदरात पाडून घ्या. बाकीच्या बायकांचं पुढच्या टप्प्यात बघू.”

तिला पुढचे टप्पे चांगले माहीत होते. आजवर एकही आलेला तिने पाहिला नव्हता. पण योजना बुडाली तर नोकरी सोडून बसलेल्यांच्या हातीही काही लागणार नव्हतं. ती दात-ओठ खात आत गेली. योजनेच्या मसुद्यातले ‘घरी काळजी घेणारी व्यक्ती’ हे शब्द तिने खोडले आणि वर लिहिलं, ‘काळजी घेण्यासाठी नोकरी सोडलेली व्यक्ती’. साहेबांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली. वर तिचं अभिनंदन केलं. ते अभिनंदन तिला कानाखाली बसल्यासारखं लागलं.

संध्याकाळी घरात शिरताच तिने पर्स खुर्चीवर फेकली. दोघींचे नवरे बाहेरच्या खोलीत बसले होते. काही लागलं तर हाक मारा, असं ते आत कळवून मोकळे झाले होते. ती सरळ सासूबाईंच्या खोलीत गेली. जाऊ चादर बदलत होती.

“बरी आलीस, एक हात लाव,” जाऊ म्हणाली.

दोघींनी मिळून सासूबाईंना कुशीवर वळवलं. तेवढ्यानेही जाऊ कण्हली. संशोधिकेचं तोंड मात्र सुटलं होतं. साहेब कसा निर्लज्ज, बाकीचे कसे शेपूटघालू, संचालक कसे गुळमुळीत. बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. जाऊ खांद्यावर हात दाबून धरून ऐकत होती.

“म्हणजे झालं की नाही मंजूर?” तिने मध्येच विचारलं.

“झालं. पण माणसाचं करायला जिने नोकरी सोडली, तिलाच मिळणार.”

“आणि मला?”

“तुमचं पुढच्या टप्प्यात, ताई.”

“हे असं लिहिलं कोणी?”

संशोधिकेने जुनी चादर उगाचच घडी करायला घेतली. “मीच. नाहीतर कोणालाच काही मिळालं नसतं. मला इतका संताप आलाय ना, तुम्हाला नाही कळायचं!”

जावेने तिच्याकडे पाहिलं. सासूबाईंसमोर तिने आजवर कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. पण तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि उशीवरची मूठ सुटत नव्हती.

“मला सोडायला नोकरीच नव्हती,” ती म्हणाली. “तुला आहे. उद्या राजीनामा दे. आईंचं हेच सगळं तू केलंस, की त्याचे पैसे मिळतील.”