हामानासाठी थाळी

पुस्तक नवऱ्याचं, चष्माही त्याचाच. पुरिमच्या सणाच्या सकाळी सेगुलाबाई ओसरीवर एकटीच एस्तेर राणीची गोष्ट वाचायला बसली. चाळीस वर्षं तो वाचायचा आणि दुष्ट हामानाचं नाव आलं, की ते कुणाच्या कानी पडू नये म्हणून ही पळीने थाळी बडवायची. तो या जानेवारीत गेला. गावातली बाकीची ज्यू घरं तर कधीच इस्रायलला निघून गेली होती.

"अख्ख्या गोष्टीत देवाचं नाव एकदाही नाही," तो दर वर्षी सांगायचा. "आपले रब्बी म्हणतात, तो लपून राहिला होता. कामं मात्र माणसांच्या हातून करून घेत होता."

"लपावं तरी किती माणसाने!" ती आज त्याच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली. मग स्वतःशीच चुकचुकली. देवाला माणूस म्हणून बसली होती.

हामानाचं नाव आलं. ते वाचून ती सवयीने थांबली, आणि ध्यानात आलं की पळी-थाळी आणायचीच राहिली. नाव ओसरीभर तसंच घुमत राहिलं. तिला हुंदका आला. जाऊ दे म्हणून तिने पुस्तक मिटायला घेतलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे थाळी खणखणली. शेजारची रहमतबी. इतकी वर्षं स्वयंपाक करता करता तीही ऐकत आली होती.

"थांबलीस का गं, सेगुला? वाच की पुढे!"

सेगुलाबाईने चष्मा पुसला. पुढचं हामानाचं नाव तिने भिंतीपलीकडे नीट ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात वाचलं.