आवाज न करणारे पंखे

गेमिंग कम्प्युटर जुळवावा तो तालगातनेच, असं अख्खं अल्माटी म्हणायचं. त्या दुपारी मुखित त्याच्या दुकानात आला. "अनसारचा वाढदिवस आहे. पैशांकडे बघू नका, सगळ्यात भारी माल घाला."

तालगातने सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलं. मुखितने रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर बोट ठेवलं, तशी तालगातने नकारार्थी मान हलवली. "हे नकोत, घरघरतात. आवाजाने अनसारचं डोकं दुखतं, लहानपणापासून. हे काळे घेऊ, चालू आहेत हेही कळत नाही."

"तुम्हालाच ठाऊक," मुखित म्हणाला.

तालगातने एकेक भाग उजेडात धरून पारखला. इतका जीव लावून त्याने कुठल्याच गिऱ्हाइकाचं काम केलं नव्हतं. सगळं ठरल्यावर त्याने जपून विचारलं, "घरी येऊन मीच जोडून देऊ का? पाच मिनिटांत निघेन."

"नको," मुखित अगदी गोड आवाजात म्हणाला. "आणि दुकानाचं स्टिकरही लावू नका. तुमचं नाव दिसलं, की मी पुन्हा काका होईन. आता कुठे तो मला बाबा म्हणायला लागलाय."