लग्नाचं ठिकाण

“इथं नको येऊ,” गोमतीबाई फोनवर म्हणाली.

“काहून, याडी?” संगीतानं आईला विचारलं.

“नको म्हणलं ना. तांड्यावरच लावा लग्न. आमाले जमलं तर येतो.”

जमणार नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. गोमतीबाई आणि तिचा नवरा धरमसिंग दरवर्षी दिवाळीनंतर वाशीम जिल्ह्यातला आपला बंजारा तांडा सोडून सांगलीकडे ऊसतोडीला जात. कारखाना सध्या जोरात होता. टोळीतलं एक जोडपं उठून गेलं की बाकीच्यांची गाडी वेळेवर भरत नसे. मुकादम कोणाला सोडत नव्हता.

लग्न खरं तर वैशाखात ठरलं होतं, आईबाप परत आल्यावर. पण नवरामुलगा हेमसिंग सीआरपीएफमध्ये जवान होता. त्याच्या तुकडीला एकाएकी ईशान्येकडे जायचा हुकूम आला आणि निघण्याआधी थोडी रजा मिळाली. वैशाखात तो असणार नव्हता.

संगीता धनजच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिथल्या मैत्रिणी म्हणाल्या, “मग डेस्टिनेशन वेडिंग करून टाक. आईबाप आहेत तिथंच जा.” त्या गंमत करत होत्या. संगीतानं मात्र त्याच दिवशी हेमसिंगला विचारलं.

“मले काय,” तो म्हणाला, “मी तं कायमच परगावी असतो.”

आईचं ऐकायचं नाही असं तिनं ठरवलं. दोघांसोबत तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक, हेमसिंगची आई ललिताबाई आणि घरची चार माणसं क्रूझर गाडीत बसून निघाली. लहानपणापासून संगीता आश्रमशाळेत राहिलेली. आईबाप ऊसतोडीला जातात एवढंच तिला माहीत होतं. तिथं कारखान्यानं खोल्या दिल्यात, नळ आहे, लाइट आहे, असं आई सांगायची. संगीतानंही होणाऱ्या सासरी तेच सांगितलं होतं.

गाडी थांबली तिथं खोल्या नव्हत्या. फडाच्या कडेला उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोप्यांची रांग होती. वाकल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. पाणी लांबच्या कालव्यावरून आणावं लागे. गोमतीबाई आपल्या कोपीच्या तोंडाशी उभी होती, जणू कोणी आत बघू नये म्हणून.

ललिताबाई पुढं गेली. गोमतीबाईला बाजूला व्हावंच लागलं. ललिताबाईनं वाकून आत पाहिलं. चूल, दोन कोयते, दोरीवरचं लुगडं. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली आणि काही न बोलता गाडीकडे निघून गेली.

गोमतीबाईनं लेकीकडे पाहिलं. “म्हून सांगत होती,” ती हळूच म्हणाली.

दुपारी उसाची गाडी भरून गेल्यावर टोळीतल्या बायांनी हातपाय धुतले, ठेवणीतली लुगडी नेसली आणि गाणी म्हटली. हेमसिंगला गोमतीबाईच्या कोपीपुढं उसाच्या मोळीवर बसवलं. नायकांनी लग्न लावलं. संगीताच्या डोळ्यांत पाणी होतं. आई अर्धं वर्ष कुठं राहते, हे ती आज पहिल्यांदा पाहत होती. रात्र व्हायच्या आत गाडी परत निघाली.

गाळप संपलं, टोळी तांड्यावर आली. पोरीचं लग्न कुठं लागलं, असं कोणी विचारलं की गोमतीबाई सांगे, “कारखान्याच्या देवळात.” संगीतानं ते ऐकलं आणि तीही तेच सांगू लागली. ललिताबाई समोर आली की गोमतीबाई पदर पुढं ओढून कामाला लागे.

ज्येष्ठात हेमसिंग पुन्हा रजेवर आला. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र दिल्याशिवाय बायकोचं नाव त्याच्या नोकरीच्या कागदांवर चढत नव्हतं. ड्युटीवर त्याचं काही बरंवाईट झालं असतं, तर सरकारच्या लेखी संगीता त्याची कोणीच लागत नव्हती. म्हणून सगळे ग्रामपंचायतीत गेले. साक्षीला लग्नात हजर असलेली माणसं लागतात, त्यामुळे नायकांसोबत दोघी विहिणीही आल्या.

ग्रामसेवकांनी कागद पाहिले. लग्नपत्रिका छापलेलीच नव्हती. तिच्याऐवजी प्रतिज्ञापत्र चालेल, ते म्हणाले. मग पेन उचलून त्यांनी विचारलं, “लग्नाचं ठिकाण?”

गोमतीबाई खाली फरशीकडे पाहत होती.

“इथंच झालं, सर,” संगीता म्हणाली. “तांड्यावर.”

गोमतीबाईनं सुटकेचा श्वास सोडला.

“थांबा,” ललिताबाई म्हणाली. “खोटं नका लिवू.”

गोमतीबाईचा चेहरा उतरला. इतके दिवस ज्याची भीती होती, ते आता सगळ्यांसमोर निघणार होतं.

ललिताबाईनं हेमसिंगकडे बोट दाखवलं. “हा असाच एका कोपीत जलमला. उसाच्या फडात. मी लाजेनं जलमाच्या दाखल्यावर तांड्याचं नाव लिवलं. यालेबी कधी सांगितलं नाई.”

हेमसिंग आईकडे बघतच राहिला.

“त्या दिवशी तुमच्या कोपीत वाकून पाह्यलं,” ती गोमतीबाईला म्हणाली, “अन् मले माही कोपी दिसली. मंग तोंडातून शब्दच नाई फुटला, विहीणबाई.”

ग्रामसेवक पेन धरून थांबले होते. गोमतीबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान वर केली.

“लिवा साहेब,” ती म्हणाली. “उसाच्या फडात झालं. माह्या कोपीपुढं.”